तुम्ही तर काही बोललाच नाहीत

आमच्या शहरात पाणी दिवस मोजून येतं, सल्ला मात्र चोवीस तास. औरंगपुऱ्यात चपलेचा अंगठा शिवायला थांबलात तर शिवणारा माणूस टाके घालता घालता तुमच्या चालण्यातली खोट सांगतो. गुलमंडीवर दोन मीटर अस्तर मागितलं की दुकानदार आधी विचारतो, ‘ड्रेस कुणासाठी?’ आणि अस्तर कापून होईपर्यंत मुलीला सायन्सला घालण्यात तुमचं काय चुकलं तेही सांगून मोकळा होतो. रिक्षात बसून नुसता सुस्कारा टाकला तरी पुरे. ‘क्या हुआ मॅडम, नौकरी का टेन्शन? नक्को लेव,’ म्हणत रिक्षावाला क्रांती चौक ते सिडको एवढ्या अंतरात आपल्या मेव्हण्याचं सगळं चरित्र उदाहरणादाखल ऐकवतो. पैसे फक्त रिक्षाचे, तेही घासाघीस करून.

अशा गावात मी तासाचे पैसे घेऊन पर्सनल कोचिंग सुरू केलं.

माझी सगळी नोकरी वाळूजच्या एका कंपनीच्या प्रशिक्षण विभागात झाली. १९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्यामागोमाग लहानमोठ्या कंपन्या येत गेल्या आणि तेव्हापासून अर्धं शहर फर्स्ट, सेकंड, थर्ड अशा हिशेबानं झोपतं-उठतं. त्या शिफ्टमधल्या सुपरवायझरांना ‘टीमवर्क’ शिकवणं हे माझं काम. हॉलमध्ये चाळीस जण, समोर पडदा, मागच्या रांगेत थर्ड शिफ्ट करून आलेले चार जण उघड्या डोळ्यांनी झोपलेले. सत्र संपलं की टाळ्या, समोसा, फोटो. पण नंतर जिन्यात कुणीतरी गाठायचं. ‘मॅडम, दोन मिनिटं.’ त्या दोन मिनिटांत माणूस जे बोलायचा त्याचा दिवसभराच्या पडद्याशी काडीचा संबंध नसायचा. वडिलांचं कर्ज, वरिष्ठाचा टोमणा, प्रमोशन मिळालं तर ते झेपेल का याची धास्ती. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर वाटलं, हॉल नको, पडदा नको, समोसाही नको. जिन्यातल्या त्या दोन मिनिटांचाच धंदा करावा.

या धंद्याला जगात रीतसर वंशावळ आहे, हे मला अभ्यासक्रम करताना कळलं. टिमथी गॉलवे नावाचा अमेरिकन टेनिस शिकवणारा होता. आपण सूचना जितक्या कमी देतो तितका शिष्य चेंडू चांगला मारतो, असं त्याच्या लक्षात आलं आणि १९७४ साली त्यानं त्यावर पुस्तकच लिहिलं. पुढे जॉन व्हिटमोर या ब्रिटिश माणसानं, जो एके काळी मोटारींच्या शर्यती मारायचा, ते सूत्र कंपन्यांच्या साहेबांपर्यंत नेलं. १९९५ मध्ये कोच लोकांची आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली. तिचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र हवं असेल तर निदान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तास लोकांसमोर बसल्याचा अनुभव लागतो. संसारात ऐकून घेतलेले तास त्यात धरत नाहीत; मी विचारून पाहिलं.

धंद्याची कागदपत्रं करणं मात्र सोपं निघालं. राज्यभर उद्योजक घडवण्यासाठी १९८८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं मुख्यालयच या शहरात आहे, तेव्हा इथल्या हवेत ते गुण असावेत. उद्यमची नोंदणी फुकट. कामाला माणसं मोजकीच असतील तर दुकान कायद्याखाली नुसती सूचना दिली की झालं. आमच्याकडे कामाला मी एकटीच. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये. सीएनं गंभीर चेहऱ्यानं बजावलं, की सेवेची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी लागेल, लक्ष ठेवा. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही बराच वेळ हसलो.

गारखेड्यातल्या घराच्या फाटकावर पाटी लावली आणि संध्याकाळपर्यंत तीन पालक येऊन गेले. नीट, जेईई, एमपीएससी अशा फलकांनी खांब न् खांब भरलेल्या शहरात दुसरं काय होणार? ‘फिजिक्स घेता का?’ नाही. ‘गणित?’ नाही. ‘मग शिकवता काय?’ शिकवत नाही, म्हटलं. तिसऱ्या बाईंनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, विचारलं.

त्यानंतर माणसं आणली जाऊ लागली. हा या धंद्याचा पहिला हंगाम असतो. स्वतःहून कुणी येत नाही, पण दुसऱ्याला आणायला सगळे तयार. ‘मॅडम, आमचं ऐकंना झालाय, ह्याला जरा दोन गोष्टी सांगा,’ म्हणत एका गृहस्थांनी अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा माझ्यासमोर बसवला आणि स्वतः बाहेर जाऊन बसले. मी मुलाला विचारलं, तुला आत्ता काय हवंय? तो म्हणाला, घरी जायचंय. म्हटलं, जा. तो गेला. बाप आत आला. ‘पाच मिनिटांत?’ हो, म्हटलं, तुम्ही बसता का? ते बसले, आणि मग बीड बायपासकडचा प्लॉट, भावाशी तुटलेलं बोलणं, स्वतःला करायचं राहून गेलेलं बी.एड. असं एकेक निघत गेलं ते दिवे लागेपर्यंत. मुलगा पुन्हा कधी आला नाही, बाप मात्र कितीतरी दिवस येत राहिला. आणलेल्या माणसाला बहुधा काही म्हणायचं नसतं. आणणाऱ्याच्या पोटात खूप काही असतं, हे मी तेव्हापासून धरूनच चालते. बायको नवऱ्याला घेऊन आली की मी आधी तिच्यासाठी खुर्ची ओढते. (इथं येणाऱ्या सगळ्यांच्या गल्ल्या, नाती आणि दुकानं बदलून लिहिलेली आहेत. तेवढं धंद्याचं पथ्य.)

वेळ पाळण्याचा प्रकार सांगण्यासारखा आहे. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं, ग्राहकानं आयत्या वेळी भेट रद्द केली तर अर्धी फी लावावी. ते लिहिणाऱ्यांच्या नळाला रोज पाणी येत असणार. इथं सकाळी निरोप येतो, ‘सॉरी मॅडम, आज पाणी आहे.’ एवढंच. त्यावर दुसरा प्रश्न विचारायचा नसतो. सुतक आणि पाणी ही दोन कारणं आमच्याकडे विनाचौकशी मान्य होतात. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरनं जमिनीखालून नहर काढून डोंगरातलं पाणी या गावात खेळवलं, पाणचक्की बघायला आजही लांबून लोक येतात, आणि पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचा नाथसागर पसरलेला आहे. तरी आपल्या आयुष्याची दिशा ठरवायला निघालेला माणूस टाकी भरायची म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत फिरतो, आणि मला तो शहाणाच वाटतो. मी आता भिंतीवर तक्ता लावलाय. सिडकोचं पाणी कधी, उस्मानपुऱ्याचं कधी, आमचं कधी. त्या तक्त्यात जिथं भोक राहतं तिथं लोकांच्या भवितव्याला वेळ देते.

दुसरी अडचण लाजेची. शहर पंधरा-वीस लाखांचं म्हणायचं, पण निराला बाजारातून कॅनॉटपर्यंत गेलं तरी वाटेत ओळखीचे चार जण भेटतातच. डॉक्टरकडे जाताना माणूस लपत नाही. ‘मला सुचत नाहीये’ हे सांगायला जाताना मात्र स्कूटर पलीकडच्या गल्लीत लावतो. एकदा माझ्या फाटकात एकाच ऑफिसातले दोघं समोरासमोर आले, एक निघालेला, एक येणारा. दोघांचेही चेहरे पडले. तेवढ्यात आमच्या सासूबाई बाहेर आल्या आणि दोघांच्या हातात एकेक पिशवी देत म्हणाल्या, ‘ह्या तुमच्या कुरडया. तळताना तेल चांगलं तापू द्या.’

सासूबाई माहेरच्या पैठणच्या. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया-पापड घालणं हा त्यांचा जुना शिरस्ता. विकायच्या म्हणून त्यांनी कधी केल्या नव्हत्या. त्या दिवसापासून माझ्याकडे येणारा प्रत्येक जण जाताना पाव किलो कुरडई घेऊन जाऊ लागला, गल्लीत कुणी विचारलंच तर दाखवायला. मला त्यांच्या समयसूचकतेचं कौतुक वाटलं. वर्षाअखेरीस सीए म्हणाला, की कुरडयांची उलाढाल वेगळी दाखवा, ती जरा ठळक दिसतेय.

सासूबाईंचा धंद्यातला सहभाग एवढ्यावर थांबत नाही. त्या पुढच्या खोलीत लसूण सोलत बसतात आणि थांबलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारतात, ‘जेवलास का?’ अभ्यासक्रमात मला शक्तिशाली प्रश्न कसे विचारावेत यावर एक स्वतंत्र प्रकरण होतं. त्यात हा नव्हता. शेंद्र्याहून, चिकलठाण्याहून तडक आलेली पोरं बहुतेक जेवलेली नसतात. आत येईपर्यंत त्यांच्या पोटात पोळी-भाजी गेलेली असते आणि नोकरी सोडायचा विचार थोडा मऊ झालेला असतो. थर्ड शिफ्टवाल्यांना तर मी आता विचारायचंही सोडलंय. त्यांना मी सांगते, आधी दोन दिवस झोपा, मग या. आणि झोपायची लाज वाटत असेल तर खुलताबादला जाऊन भद्रा मारुती पाहून या. बाकी बहुतेक ठिकाणी हात जोडून उभा नाहीतर द्रोणागिरी घेऊन उडणारा बजरंगबली आमच्या जिल्ह्यात चांगला ऐसपैस आडवा झालेला आहे. हा माझा एकमेव फुकटचा सल्ला, आणि सगळ्यात जास्त गुण त्याचाच येतो.

आता मूळ मुद्द्याकडे येते. जुन्या शहरातले एक कापडाचे व्यापारी आले होते. तीन पिढ्यांचं दुकान. मुलाला माल ऑनलाइन विकायचा होता, धाकट्या भावाला वाटणी हवी होती, आणि यांना दोघांशीही न भांडता रात्री झोप हवी होती. एक तास ते बोलले. मध्ये मी चार-पाच प्रश्न विचारले असतील. वाटणी मागताना भाऊ नेमकं काय म्हणाला? तुम्ही गल्ल्यावर नसता त्या दिवशी दुकानात काय होतं? असे साधेच. शेवटी ते स्वतःशीच म्हणाले, ‘म्हणजे दुकान नाही वाटायचं, काम वाटायचं. ऑनलाइन पोराकडे, घाऊक भावाकडे. भाऊ वाटणी मागतोय ती त्याला गल्ल्यावर बसू देत नाही म्हणून.’ त्यांचा चेहरा उजळला. उठले, नमस्कार केला, फाटकापर्यंत गेले, आणि चपला घालून परत आले.

‘मॅडम, राग मानू नका. पण तुम्ही तर काही बोललाच नाहीत. सगळं मीच बोललो. मग पैसे कशाचे?’

प्रश्न रास्त होता. हा माणूस आयुष्यभर मीटरवर मोजून माल देत आलेला. मी मोजून काय दिलं होतं? तोंडावर गॉलवे आला होता, पण ते टेनिस खेळत नव्हते. उत्तर आलं ते पुढच्या खोलीतून, लसणाच्या सालांमधून.

‘नाथांना पै सापडली तेव्हा जनार्दनस्वामींनी किती सांगितलं होतं?’

पैठणच्या माणसाला ही गोष्ट सांगावी लागत नाही, पण व्यापारी मारवाडी होते, म्हणून सासूबाईंनी ती सगळी सांगितली. सोळाव्या शतकातला देवगिरीचा किल्ला. किल्लेदार जनार्दनस्वामी. आजोबांकडे वाढलेलं पैठणचं एक पोर, एकनाथ, गुरू शोधत तिथवर चालत आलं आणि सेवेला राहिलं. स्वामींनी त्याच्याकडे हिशेबाचं काम दिलं. एका रात्री हिशेबात एक पै जुळेना. पोरानं दिवा जवळ ओढला आणि वह्या उपसल्या. पहाटेच्या सुमाराला चूक सापडली तेव्हा आनंदानं त्यानं टाळी वाजवली. स्वामी तिथं आले, काय झालं विचारलं, आणि एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर जन्माची चूक सापडली तर केवढा होईल, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. कुणी सांगतं, ते टाळीनं जागे झाले. कुणी सांगतं, आधीपासूनच मागे उभे होते आणि पोराला पत्ता नव्हता.

मला त्यातलं दुसरं सांगणं आवडतं. माणूस किल्लेदार होता. एक हाक मारली असती तर चार कारकून येऊन पै काढून गेले असते. ‘अरे, तिसऱ्या पानावर बघ’ एवढं म्हणाला असता तरी पोर वेळेवर झोपलं असतं. तो म्हणाला नाही. दौलताबादला मी आजवर कितीदा तरी गेलेय, तोफ पाहिली, अंधारी पाहिली, चांदमिनारचे फोटो काढले. गडावर जनार्दनस्वामींचं स्थान आहे तिथं मात्र आता जरा जास्त वेळ बसते. हे आमच्या धंद्यातले इथले मूळ पुरुष. त्यांच्यामुळे गडावरच्या कचेरीला गुरुवारी सुट्टी असायची असंही सांगतात. एवढा मान आमच्या संघटनेला अजून कुठल्या सरकारकडून मिळवता आलेला नाही.

आणि ते किती कठीण असतं हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. समोरचा माणूस वही उघडतो आणि मला पहिल्याच पानावर त्याची पै दिसते. बायकोशी बोललेला नाही, एवढंच असतं. किंवा ज्या नोकरीला शिव्या देतोय ती सोडायचीच नाहीये त्याला. जीभ वळवळते. दुसऱ्याची चूक दिसूनही गप्प बसणं मराठवाड्याच्या माणसाच्या प्रकृतीला मानवत नाही. आमच्याकडे गप्प बसलेल्या माणसाला लोक आधी विचारतात, ‘कामून गप? बरं नाही का?’ तरी बसायचं. कारण मी पै काढून दिली तर तो ‘बरोबर आहे मॅडम’ म्हणून घरी जातो आणि काही करत नाही. त्याची त्याला सापडली की टाळी वाजते. दर वेळी नाही सापडत. काही जण महिनाभर वह्या चाळून उठून जातात, आणि ते पै शोधायला आलेच नव्हते हे मला मागाहून कळतं. कुणीतरी दिवा धरून बसावं एवढंच त्यांना हवं होतं. त्यांचीही फी मी घेते.

व्यापाऱ्यांनी गोष्ट मन लावून ऐकली. हात जोडले. मग म्हणाले, ‘एकदम पटलं. अर्धं काम मीच केलं ना? मग अर्धे घ्या.’

फीचं असं आहे. अन्न, औषध, अगदी देवळातला अभिषेक, सगळ्याचे पैसे सांगताना मराठी माणसाची जीभ अडत नाही. बोलण्याचे पैसे सांगताना मात्र तो जमिनीकडे बघतो. मी सुरुवातीला ‘काय द्यायचं ते द्या’ म्हणायचे. लोक खरोखर काय द्यायचं ते द्यायचे. एकांनी पपई दिली. मग मुलानं भिंतीवर क्यूआर कोड चिकटवला आणि पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा तो डबाही आणून ठेवला. एका बाईंचं बोलणं संपत आलं होतं, डोळ्यांत पाणी होतं, मीही गप्प होते, आणि आधीच्या माणसानं घरी पोचल्यावर पाठवलेली रक्कम डब्यानं त्या शांततेत खणखणीत आवाजात जाहीर केली. बाई दचकल्या, मग हसायलाच लागल्या. ‘एवढे घेता?’ म्हणाल्या. त्यांना तोवर फी विचारायचं सुचलंच नव्हतं. डबा आता सासूबाईंच्या कुरडयांना दिलाय.

घासाघीस हा या शहराचा स्वभाव आहे आणि तो लहानसहान नाही. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या आसपास. एकटा गेला तर सवलत मिळत नाही, दीडशे जण गेलो तर कंपनीही नमते आणि बँकही ७ टक्क्यांवर येते. जगभर बातमी झाली. ज्या गावानं मर्सिडीज ठोकमध्ये घेतली, ते कोचिंग किरकोळीत कशाला घेईल?

त्यामुळे वाळूजच्या सहा सुपरवायझरांनी जेव्हा येऊन विचारलं, ‘मॅडम, आम्ही सहा जण आहोत, एकदम घ्या आणि भाव लावा,’ तेव्हा मला नवल वाटलं नाही. एकट्याचं काम आहे हे, गटाचं नाही, असं मी सांगून पाहिलं. ते ऐकण्यातले नव्हते. भाव ठरला. पहिल्या दिवशी सहाही जण माझ्याकडे बघत बसले. दुसऱ्या खेपेला एकानं वही उघडली, म्हणजे खरोखरची नव्हे, आणि मी काही विचारायच्या आत दुसऱ्यानं त्याला विचारलं, ‘मग वरिष्ठ तेव्हा नेमकं काय म्हणाला?’ मी तोंड मिटलं. महिन्याभरात ते एकमेकांना असे काही प्रश्न विचारू लागले, की मला टाचण करावंसं वाटावं. सल्ला मात्र कुणी कुणाला देत नव्हतं. या शहरात सहा माणसं तासभर बसतात आणि सल्ला देत नाहीत, हे कुठंतरी नोंदवून ठेवायला हवं होतं.

मग ते यायचे बंद झाले. आमच्या धंद्याची ही एक गंमत आहे: काम नीट झालं की गिऱ्हाईक जातं, आणि जाताना खूश असल्यामुळे भांडताही येत नाही. पुढे त्यातल्या एकाचा फोन आला. दर रविवारी टीव्ही सेंटरजवळच्या एका टपरीवर सहाही जण जमतात, तुम्ही एकदा या. गेले. बाकांवर त्यांचं सुरू होतं, मीही टेकले. तासाभरात मला कुणी काही विचारलं नाही. उठताना टपरीवाल्यानं सात चहांचे पैसे माझ्याकडे मागितले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यातला सगळ्यात मोठा म्हणाला, ‘मॅडम, आपल्यात नियमच आहे. नवीन आलेल्यानं पहिल्या दिवशी चहा पाजायचा.’